अक्काची पेनी

मी आधीच सांगून टाकते, त्या पेन्यांचा मला उभ्या संसारात राग येत आला. नवरा आखातात रुवैसच्या रिफायनरीत, राहणं कंपनीच्या कॉलनीत, आणि माणसाला छंद काय, तर अमेरिकेचे जुने एक-एक सेंट गोळा करायचे! शटडाऊनच्या, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्तीच्या, कामाला अमेरिकन इंजिनिअर आले, की बाकीचे लोक त्यांच्याशी गाड्यांच्या गप्पा मारायचे. आमचा वासुदेव विचारणार, "एनी ओल्ड पेनीज?" ते बिचारे हसून खिसे उलटे करायचे. सुट्टीत लोक बायकोला सोनं दाखवायला देरा दुबईला नेतात. मला हा तिथेच, सोन्याच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत, शौकतभाईंच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात नेऊन स्टुलावर बसवायचा, आणि दोघं भिंगातून तांब्याच्या चकत्या न्याहाळत बसायचे.

"अरे, ज्याच्यात तिकडे लिमलेटची गोळीसुद्धा येत नाही, ते घेऊन करायचंय काय तुला?" मी विचारायचे.

"ह्यातून काही घ्यायचंच नाहीये मुळी," तो म्हणायचा आणि पुन्हा भिंगात डोळा घालायचा.

हो, मी नवऱ्याला अरे-तुरे करते. माझ्या नणंदेला, तानुअक्कांना, ते लग्नापासून खटकतं आणि मी लग्नापासून करत आलेय. आता त्यांनी बोलायचं सोडलंय.

तर त्या पेन्या. खजुराच्या एका लाकडी डब्यात त्या सगळ्या असायच्या. आधी प्रत्येकीला कागदाचं छोटं पाकीट होतं, त्यावर वासुदेवच्या बारीक अक्षरात साल लिहिलेलं. रिटायर होऊन आम्ही नीरवकडे, म्हणजे आमच्या मुलाकडे, दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायला आलो, आणि थोड्याच दिवसांत पाकिटांचा घोळ व्हायला लागला. ह्या पाकिटातली त्या पाकिटात. एक दिवस चिडून त्यानं सगळी पाकिटं फाडून टाकली. मी म्हटलं, बरं झालं, एक कटकट गेली. कटकट गेली नव्हती, सुरू झाली होती, ते मला नंतर कळलं.

वासुदेव विसरायला लागला होता. आधी गाडीची किल्ली, मग लिफ्टचं बटण, मग नीरवच्या मुंजीला कोण कोण आलं होतं ते. गेल्या गणपतीपासून तो मला मॅडम म्हणतो. "मॅडम, थोडा पानी मिलेगा?" हिंदीत! आयुष्यभर ज्या माणसाला मी डबे भरून दिले, त्यानं माझ्याशी असं हॉटेलात बसल्यासारखं बोलावं? पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याला पाणी दिलं आणि बाथरूममध्ये नळ सोडून ढसाढसा रडले.

आणि मग त्या पेन्यांनीच मला हात दिला. एका सकाळी मी नुसतं त्याला गुंतवायचं म्हणून टेबलावर टॉवेल अंथरला आणि डबा उघडा करून ठेवला. साल वाचण्याइतके डोळे आता राहिले नव्हते. तो रंगावरून ओळखायचा. मला त्या सगळ्या सारख्याच काळपट दिसायच्या, पण त्याच्याकडे प्रत्येकीचं वेगळं वर्णन. ही गुळाची, ही जांभळाची, ही जुन्या चपलेची. अंगठ्यानं चोळायचा, नाकाशी धरून वास घ्यायचा आणि बोलायला लागायचा. त्या सकाळी एक उचलली, मागे गव्हाच्या दोन ओंब्या असलेली, आणि म्हणाला, "ही त्या उंच टॉमनं दिली. त्या दिवशी गॅसचा सायरन वाजला होता आणि तू नीरवला काखेत मारून बाहेर पळालीस. भरली वांगी करपली होती. अपर्णा, आठवतं का गं?"

अपर्णा! मी पोहे परतत होते, ते तसेच टाकून त्याच्यासमोर जाऊन बसले. पाच-दहा मिनिटं मला नवरा होता. मग पेनी खाली ठेवली आणि तो पुन्हा परक्यासारखा झाला. पण मला कळलं, की माझं नाव त्या पेनीत आहे. तेव्हापासून नाश्ता झाला की टॉवेल, डबा आणि आम्ही दोघं, हा नेम झाला. मध्ये एकदा आम्ही पेन्या घेऊन बसलो असताना नीरवनं मोबाईलवर वाचून सांगितलं, "बाबा, अमेरिका पेनी बनवणं बंद करतेय. प्रत्येक पेनीमागे लॉस होतोय म्हणे."

"करू दे बंद," वासुदेव म्हणाला, "माझ्याकडे आहेत."

सगळ्यांत जुनी पेनी मात्र अमेरिकनांकडून आलेली नव्हती. ती गुहागरकडच्या आमच्या गावी, वासुदेव दुसरी-तिसरीत असताना आली. त्याची आई लवकर गेली, अक्कांनीच त्याला न्हाऊ-माखू घालून वाढवला. अक्कांचं लग्न झालं तेव्हा ह्यानं जेवण सोडलं होतं. त्यांचा नवरा बोटीवर खलाशी. बोट अमेरिकेला जाऊन आली, तेव्हा त्यांनी मेव्हण्यासाठी ही पेनी आणली. तिच्यावर पिसांचा मुकुट घातलेल्या एका बाईचा चेहरा आहे, बाजूनं दिसणारा, लांब सरळ नाक. ते ह्याला म्हणाले, "ही बघ तुझी अक्का, अमेरिकेच्या पैशावर. नाक बघ. अक्का घरी नसली, की हिच्याकडे बघायचं आणि जेवायचं." आणि खरंच, अक्कांचं नाक तंतोतंत तसं आहे. पोरगं जेवायला लागलं. पुढे सगळं आयुष्य जे काही गोळा केलं, ते त्या एका पेनीला सोबत म्हणून.

ही सगळी गोष्ट मला लग्नात कुणी सांगितली नव्हती. ती पेनी हातात घेतली की तो स्वतःच सांगायचा, दर वेळी पहिल्यांदा सांगतोय अशी. "अक्काची पेनी," म्हणायचा. "अक्का कधी येणार?"

म्हणून मी ह्या दिवाळीला अक्कांना बोलावून घेतलं. नीरवनं व्हिजा काढला, तिकीट काढलं. अक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा विमानात पाऊल ठेवलं, तेही गुडघे धरून. पिशवीत भावासाठी फणसाची साठं आणि घरचं खोबरेल.

विमानतळावरून घरी आल्या तेव्हा वासुदेव सोफ्यावर बसला होता. उभा राहिला, हात जोडले. "आइए, आइए. बैठिए. मॅडम, इनके लिए चाय बोलो."

अक्कांना वाटलं थट्टा करतोय. "वाशा, मेल्या, मी आहे," म्हणाल्या आणि त्याच्या गालाला हात लावला. तो हसला, पाहुण्यांकडे बघून हसतात तसा, आणि हळूच चेहरा मागे घेतला.

मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं. पेनी हातात दिली की त्याला कसं आठवतं तेही. "आत्ता देऊ का?" मी विचारलं.

 त्या पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "आत्ता नको. भाऊबीजेला दे. आज ओळखलंन आणि भाऊबीजेपर्यंत विसरला, तर काय करू गं मी? ओवाळताना ओळखू दे मला. तेवढं एकदा झालं की मग खुशाल विसरू दे."

मला ते पटलं. आणि भाऊबीजच का, तेही मला ठाऊक होतं. अक्कांचा नवरा गेला, त्या वर्षी दिवाळीत त्या ओवाळायला बिचकत होत्या. गावात लोक काय बोलतील, विधवेनं तबक हातात घ्यावं की नाही, असं सगळं. वासुदेव रुवैसहून रजा काढून गेला, भर अंगणात पाट मांडून बसला आणि ओरडला, "ओवाळ गं! बघू कोण बोलतंय ते." तेव्हापासून त्यानं एकही भाऊबीज चुकवली नव्हती. पहिली चुकली ती गेल्या वर्षीची. आणि यंदा भावाला येता येत नव्हतं, म्हणून बहीण आली होती.

मधले दिवस बरे गेले. अक्का रोज सकाळी आमच्या टॉवेलच्या कार्यक्रमाला लांब खुर्चीत बसायच्या. त्यांची पेनी मी डब्यातून काढून, फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागे ठेवली होती, भाऊबीजेसाठी. बाकी वेळ त्या चकल्या तळायच्या, आणि दुकानात नेलं की प्रत्येक वस्तूची किंमत मला विचारून रुपयांत करायच्या. "पाच दिरहॅमची चिंच? म्हणजे एकशे वीस रुपये की गं! आमच्या परसात सडा पडतो." तरी ती चिंच त्यांनी घ्यायला लावलीच. दिवाळीत देवाची तांब्याची भांडी चिंचेशिवाय कशानं घासायची? बरोबर आहे. मीही तेच म्हटलं असतं.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी वासुदेवची डॉक्टरकडची वेळ होती. नीरव ऑफिसला, इथे कुठली आलीय दिवाळीची सुट्टी. मी वासुदेवला टॅक्सीनं घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, आज तुमच्याबरोबर कोण आलंय? तो म्हणाला, "मॅडम हैं, ऑफिस की." मग त्यांनी मला बाजूला घेतलं. मी पेन्यांचं सांगितलं, तर त्यांना फार आवडलं. म्हणाल्या, "फारच छान. हेच चालू ठेवा. घरातलं काहीही बदलू नका."

घरी येऊन दार उघडलं, तर चिंचेचा आंबट वास. हॉलमध्ये चौरंग मांडलेला, लक्ष्मीचा फोटो, झेंडू, घासलेला तांब्या, पळी-पंचपात्र. आणि मधोमध परातीत पेन्या. सगळ्या. बाल्कनीतून ऊन येत होतं आणि त्या अशा काही लखलखत होत्या, की माझे डोळेच दिपले. नुकत्या सोललेल्या कातडीसारखा गुलाबी रंग. एकही गुळाची नाही, एकही जांभळाची नाही.

"बघ, लक्ष्मी कशी हसतेय," अक्का म्हणाल्या. त्यांची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. सकाळभर घासत बसल्या असणार. "काळीकुट्ट झाली होती गं सगळी. अशी लक्ष्मी पूजेला कशी मांडायची? आणि ही बघ, ही वेगळी ठेवलीय." देव्हारा साफ करताना फडकं सोडलं असणार. त्यांच्या तळहातावर त्यांची पेनी होती, आरशासारखी. "यांनी बोटीवरून आणली तेव्हा अश्शीच होती. पोराला द्यायची म्हणून घासून आणली होती यांनी. आता बरोबर ओळखील तो."

 तेवढ्यात वासुदेव हात धुऊन आला. डॉक्टरांमुळे सकाळचा कार्यक्रम राहिला होता, तो सरळ टेबलाशी बसला. डबा उघडला. रिकामा.

"अरे, इथे आहेत," म्हणत अक्कांनी कौतुकानं परात उचलून त्याच्यासमोर ठेवली.

त्यानं एक उचलली, उलटसुलट केली, नाकाशी धरली, खाली ठेवली. दुसरी उचलली. तिसरी. मग परात दोन बोटांनी लांब सरकवली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "शौकतभाई, ये असली नहीं है. ये मेरा माल नहीं है."

"तुझ्याच आहेत रे," मी म्हटलं. "नुसत्या धुतल्यात."

"मेरा माल किधर है?"

तो उठला. सोफ्याच्या उशा काढल्या, चपलांचं कपाट उघडलं, फ्रीज उघडला, नीरवच्या कपड्यांचे ढीग जमिनीवर टाकले. मी मागे, अक्का मागे. "चोरी हो गया," एवढंच म्हणत राहिला. तिन्हीसांजेपर्यंत शोधलं त्यानं, मग पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. माझा नवरा रडत होता आणि त्याला थोपटायला गेले, तर अंग चोरून घेत होता.

मी स्वयंपाकघरात आले आणि माझा तोल सुटला. "काय केलंत हे तुम्ही? कुणी सांगितलं होतं? विचारायचं तरी होतं एका शब्दानं! माझा नवरा होता त्या डब्यात! रोज दहा मिनिटं का होईना, तेवढा तरी उरला होता, तोही तुम्ही घासून टाकलात!" मी आणखीही काय काय बोलले. वयाचा मान, नात्याचा मान, काही ठेवलं नाही.

अक्का ओट्याला धरून उभ्या होत्या. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाल्या, "काळी होती गं. त्याला त्यात माझं नाक कसं दिसणार?"

 मी खालीच बसले, फरशीवर. त्याही गुडघे दुखतात ते विसरून माझ्या शेजारी बसल्या. लक्ष्मीपूजन आम्ही केलं. करायचं म्हणून केलं.

नीरवनं ऑफिसातून आल्या आल्या शौकतभाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "धो दिया?" शौकतभाईंनी विचारलं. "इमली से? नमक के साथ? या अल्ला. भाभी, सिक्के की तो खाल उतर गई."

"रंग वापस आता है, भाईसाब?" मी विचारलं.

"आता है. पचास-साठ साल दीजिए."

मग नीरवनं खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, की काही लोक उकडलेलं अंडं कुस्करून त्याच्याबरोबर नाणं पिशवीत बंद करून ठेवतात, एक-दोन दिवसांत काळं पडतं. "मैं नहीं करता ये काम. असली जैसा नहीं होता. लेकिन आप कर के देखो. इन्शाल्ला, अच्छा होगा."

"आई, वर्थ अ ट्राय," नीरव म्हणाला.

आता ऐन दिवाळीत, पाडव्याच्या आदल्या दिवशी, घरात अंडं उकडायचं. आणि अक्का नवरा गेल्यापासून अंड्याला शिवत नाहीत, वासही चालत नाही त्यांना. मी नीरवला म्हटलं, तू बाहेर बाल्कनीत कर सगळं. पण अक्का उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "मीच उजळवली, मीच काळी करते." स्वतः अंडं सोललं, बोटांनी कुस्करलं, स्वतःची पेनी त्यात ठेवली आणि पिशवीचं तोंड बंद केलं. मग बेसिनपाशी जाऊन ओकल्या.

पाडव्याला सकाळी मी सवयीनं टेबलावर टॉवेल अंथरला. वासुदेव आलाच नाही. मीच परातीतून ओंब्यांची एक पेनी शोधली. वांग्यांची तीच का ते मलाही सांगता येईना, कारण आता सगळ्या सारख्या. त्याच्या हातात दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी अदबीनं मला परत केली. "मॅडम, ये आपका गिर गया."

मी घेतली. काय करणार? पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. मी ओवाळलं. त्यानं थँक यू म्हटलं.

आता फक्त अक्कांची एक पेनी उरली होती, आणि ती अंड्यात होती. अक्का दर थोड्या वेळानं जाऊन पिशवी उजेडात धरून बघायच्या. संध्याकाळी मला हाक मारली. "अगं, बघ बघ, पडतेय काळी!" आवाजात असा आनंद, जसं काही घरात पाळणा हलला. मीही बघितली. कडेनं काळी झाली होती, मध्ये डाग-डाग. मी म्हटलं, "हो अक्का, होतेय." माझा विश्वास नव्हता. पण मनात देवाला म्हटलं, माझ्या वाट्याची मिनिटं नको देऊस, ह्या बाईला एकदा ओळखू दे.

भाऊबीजेला नीरव लवकर घरी आला. अक्का त्यांचं लग्नातलं जांभळं इरकली लुगडं नेसल्या होत्या. तेव्हासारख्याच दिसाव्यात म्हणून केसही जुन्या पद्धतीनं, मानेवर घट्ट बांधले. मी पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी घातली. वासुदेवला नवा सदरा घातला, डोक्यावर टोपी ठेवली. पाटावर बस म्हटल्यावर तो गुमान बसला. हे मात्र शरीराला आठवत होतं. टिळा लावताना मान बरोबर पुढे केली, अक्षता पडताना डोळे मिटले. अक्कांनी सोन्याच्या अंगठीनं आणि सुपारीनं ओवाळलं, मग निरांजनानं.  आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी पेनी पुसून पुसून आणली होती. अक्कांनी ती आपल्या हातानं वासुदेवच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली. "वाशा," त्या म्हणाल्या, "बघ, काय आहे ते. भावोजींनी आणलेली. आठवतं?"

आणि चेहरा बाजूला वळवून बसल्या, नाक दिसावं म्हणून. सत्तरी उलटलेली बाई, एखाद्या मुलीसारखी ताठ बसली होती. नीरव खिडकीबाहेर बघायला लागला.

वासुदेवनं मूठ उघडली. अंगठ्यानं पेनी चोळली. एकदा, दोनदा. तो तिच्यावरच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवत होता, अगदी नेहमीसारखा, कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत. मग नाकाशी धरली. आणि तोंड वाकडं केलं.

"अंडे का स्मेल है," तो म्हणाला. "डुप्लिकेट है."

अक्का हलल्या नाहीत. तशाच बाजूला तोंड करून बसून राहिल्या.

समोर तबक होतं. ओवाळून झालं, की तबकात काहीतरी घालायचं, हेही त्याच्या हाताला ठाऊक होतं. त्यानं ती पेनी तबकात टाकली आणि टोपी सारखी केली. मला वाटलं, खलास, संपलं. मी त्याला उठवायला पुढे झाले. पण त्यानं हात करून मला थांबवलं. अक्कांना जवळ बोलावलं, बोटानं, कुणाला ऐकू जाऊ नये असं. आणि इतक्या महिन्यांत पेनीशिवाय पहिल्यांदाच तो मराठीत बोलला.

"बाई, एक काम करा माझं," तो म्हणाला. "माझी खरी चोरीला गेली. माझ्या अक्काला सांगू नका. तिच्या नवऱ्यानं दिलेली होती. ती रडेल."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अक्कांनी पदराच्या टोकानं ते टिपलं. ह्या वेळी त्यानं चेहरा मागे घेतला नाही.

"नाही सांगत हो," अक्का म्हणाल्या, आणि तबक उचलून आत गेल्या.